रस्त्याकडचा प्लॉट

"आक्के, एवढी एक सही कर," म्हणत धाकट्या भावाने वकिलाच्या टेबलावर माझ्यापुढे पैठणी ठेवली.

तीस वर्षांपूर्वी वडील गेल्यावर त्याने अशीच साडी देऊन माझ्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं. वर्षभराने माझा घटस्फोट झाला. मी बॅग घेऊन माहेरी गेले, तेव्हा हा दारातूनच म्हणाला, "तुझं आता इथं काय आहे?"

पण त्या कागदात घाईघाईत रस्त्याकडचा प्लॉट लिहायचा राहिला होता. आता तिथं त्याला मंगल कार्यालय बांधायचं होतं.

"माझा निम्मा हिस्सा मी कालच बक्षीसपत्राने देऊन टाकला," मी म्हणाले.

"कुणाला?" तो ओरडला.

"तू घटस्फोट देऊन घराबाहेर काढलेल्या वत्सलेला. जा, आता तिची सही आण."