चौदा ऑक्टोबरचं पान

"पांढरी नव्हे, काळी होती ती घोडी," रोगाला म्हणाला. "लोटं नाव तिचं. मागच्या डाव्या पायाला नाल टिकायचा नाही."

एवाल्ड ब्रोकमोलरने हस्तलिखितात 'पांढरी' खोडून 'काळी' केलं. सराईच्या मागच्या खोलीत जमलेले सातही जण हसले.

"ह्याला आपल्या आईचा वाढदिवस आठवत नसेल," जाडा हेनिंग बिअरचा फेस पुसत म्हणाला, "पण घोडी विचारा! जन्मपत्रिका सांगेल."

पूर्व आघाडीवर लढलेल्या त्यांच्या जर्मन डिव्हिजनचा इतिहास लिहायचं काम चार वर्षं चाललं होतं. लिहिणारा एवाल्ड. दुसऱ्या महायुद्धात तो हवालदार होता, आता जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून. अध्यक्ष होते जुने मेजर टीडेमान. पुढच्या वसंतात माजी सैनिकांचा मेळावा होता, त्याच्या आत पुस्तक छापून हवं होतं. "आठवणी असणाऱ्यांनी यावं," अशी जाहिरात पेपरात दिली, तेव्हा आडाम रोगाला आला. आवाज घोगरा, बोलण्यात पूर्वेकडचा हेल. युद्धात गमावलेल्या पूर्वेकडच्या मासुरिया प्रांताचा असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. तिकडचे निर्वासित शहरात शेकड्यांनी होते.

"कुठल्या तुकडीत होतास?" मेजरनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"घोड्यांकडे होतो. नाल ठोकायचो. बेचाळीसचा उन्हाळा आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत."

तेवढं पुरलं. पायदळाच्या डिव्हिजनमध्ये पाच हजार घोडी. नालबंदाचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? शिवाय त्याला सगळंच माहीत होतं. भटारखान्याची गाडी कुठे उभी असायची, कोणता लेफ्टनंट तोंडाने शीळ घालायचा, कोणाला घरून सॉसेज यायचं. सगळे एकमेकांना अरेतुरे करत. रोगाला मात्र प्रत्येकाला 'तुम्ही' म्हणे.

"अरे, आता तरी 'तू' म्हण," एवाल्ड दर वेळी म्हणायचा.

"सवय नाही," रोगाला म्हणायचा.

त्या दिवशी बैठक संपता संपता रोगालाने पान दोनशे बारा पुढे ओढलं.

"चौदा ऑक्टोबरचं एवढंच?"

पानावर दोन ओळी होत्या. 'लिपावका हे गाव बंडखोरांपासून मुक्त करण्यात आले. आपली हानी: शून्य.'

"आणखी काय हवं?" मेजर टीडेमान म्हणाले. "शून्य म्हणजे शून्य."

"तिथे बंडखोर नव्हते," रोगाला म्हणाला.

हेनिंगने ग्लास खाली ठेवला. "घोड्यांचं सांग बाबा तू. माणसांचं आम्हाला ठाऊक आहे."

"हे पुस्तक बायकापोरं वाचणार आहेत," मेजर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पान उलटलं. "पुढे चला, ब्रोकमोलर."

एवाल्ड पुढे गेला. पण घरी त्याला जेवण गेलं नाही. ते पान तसंच छापलं गेलं की आयुष्यभराची सुटका होईल, अशी त्याची चार वर्षं समजूत होती. आणि आज ह्या एका माणसाने तिथेच नख लावलं होतं.

रविवारी बायको चर्चला गेली, तेव्हा त्याने रोगालाला कॉफीला बोलावलं. स्वयंपाकघरात दोघेच. टेबलावर बायकोने केलेला लोण्याचा केक होता. रोगालाने त्याला हात लावला नाही.

"तू बोललास ते खरं होतं," एवाल्ड म्हणाला. "बंडखोर कोणी नव्हतं. म्हातारे, बाया, पोरं. आम्ही त्यांना कोठारात घातलं. कागदपत्रं तपासायची आहेत म्हणून सांगितलं. निमूट गेले रे. एका बाईने तर मला 'आभारी आहे' म्हटलं, मी तिचं गाठोडं उचलून दिलं म्हणून."

रोगालाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"दाराला अडसर मी लावला." एवाल्डने केकची बशी बाजूला सारली. "लेफ्टनंटने हुकूम दिला, पण हात माझे होते. पेंढा दुसऱ्यांनी आणला. मागच्या बाजूला दलदल, म्हणून तिकडे पहारा ठेवला नाही. बाकी तिन्ही बाजूंना आम्ही उभे. तेरा वर्षं झाली. बायकोला सांगितलं नाही, पाद्र्याला नाही. मेजरला सांगायला गेलो, तर म्हणाले, 'तुला तेव्हा ताप होता, ब्रोकमोलर.'"

"किती होते?" रोगालाने विचारलं.

"कोणी मोजले? शंभरेक असतील."

"एकशे सतरा."

एवाल्डने मान वर केली. "तुला काय ठाऊक?"

"मोजलेत मी. नावं पाठ आहेत."

एवाल्डच्या छातीवरून धोंडा उतरावा तसं झालं. म्हणजे तो एकटा नव्हता. हेनिंग विसरला होता, मेजर विसरले होते, पण हा एक माणूस तिथे होता आणि विसरला नव्हता. त्याने टेबलावरून पुढे वाकून रोगालाचा हात घट्ट धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"म्हणजे तूही होतास! अरे, मग बोलला का नाहीस इतके दिवस? आपण दोघं मिळून लिहू ते पान. तू नावं सांग, मी लिहितो. मेजर गेला खड्ड्यात. दोघांनी सही केली की कोणाला नाही म्हणता येणार नाही."

"लिहाल तुम्ही?"

"लिहीन. देवाशपथ लिहीन. आत्ता लिहितो." त्याने डोळे पुसले, कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. साक्षीदार म्हणून आधी स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं: 'दारापाशी.' मग खाली रोगालाचं नाव लिहिलं. "तू कुठे उभा होतास? विहिरीकडे?"

"नाही."

"मग रस्त्यावर, गाड्यांपाशी?"

"नाही."

"अरे, मग कुठे?"

"आत," रोगाला म्हणाला.