रेवताबाईचं वाण

आरोग्य उपकेंद्रातल्या यंत्राने रेवताबाईच्या बोटातल्या थेंबभर रक्तातून हिवतापाच्या जंतूची जनुकं वाचली, आणि सिस्टर हसली. "बाई, नवीन वाण निघालं. नियमाप्रमाणे जगाच्या यादीत त्याला तुमचंच नाव लागणार."

तापाने फणफणलेली रेवताबाई ताठ बसली. दोन वर्षं ती याचीच वाट पाहत होती. तिच्या धाकट्या जावेच्या, शेवंताच्या रक्तात असंच नवं वाण सापडलं होतं, आणि आता अकरा गावांतले लोक "मला शेवंता झाली" म्हणत कण्हत होते. ते ऐकलं की शेवंता पदर सावरून बसायची.

"माझं किती गावांत आहे?"

"फक्त तुमच्यात. डासाच्या पोटात दोन वाणांचा संकर झाला नि हे जन्मलं. अर्धं शेवंताचंच आहे."

"तिथंही तीच," रेवताबाई पुटपुटली.

"ही गोळी घ्या. उद्या हे वाण जगात कुठेच उरणार नाही."

घरी शेवंताने पेज आणून ठेवली. "घ्या बाई, गरम आहे तोवर. तुमचंही नाव लागलं म्हणे. एका दिवसाचं का होईना."

रेवताबाई पेज प्यायली. गोळी मात्र तिने पदराच्या गाठीत बांधली. दिवेलागणीला डास गुणगुणू लागले, तेव्हा तिने खाटेवरची मच्छरदाणी हळूच वर गुंडाळली आणि उघडा हात बाहेर काढून ती पडून राहिली.