लिंबांच्या गावात हिवाळी टायर

फ्रानेने चारही चाकांना हिवाळी टायर बसवायला सांगितले, तसा गॅरेजवाला स्टिपे मोठ्याने हसला. स्टिपे म्हणजे त्याच्या वारलेल्या बायकोचा भाऊ.

"दाजी, आपल्या या स्प्लिट शहरात डिसेंबरात लिंबं पिकतात. हे टायर घालून काय समुद्रावर गाडी चालवणार?"

"बडबड नको. बसव."

"नेवेंका असती तर तिनेच तुम्हाला वेड्यात काढलं असतं."

"तिचं नाव तू घेऊ नकोस. आमच्या घराण्याची कबर इथे, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तू मात्र भांडून तिला घाटापलीकडे तुमच्या गावच्या कबरीत नेलंस. 'आमची पोरगी आमच्यातच राहील,' असं चारचौघांत सुनावलंस. आठवडाभर घाटात बर्फ पडतोय. रविवारी तिच्याजवळ दिवा कोण लावणार?"

"दिव्याचं आम्ही बघतो. तुम्ही कशाला तडफडताय?"

फ्राने दाराशी उभ्या असलेल्या स्टिपेच्या गाडीपाशी गेला आणि वाकून त्याने तिच्या टायरवरून हात फिरवला. टायर उन्हाळी होते, तेही घासून गुळगुळीत झालेले.

"यांच्यावर बर्फातला घाट ओलांडून दिव्याचं बघतोस होय?"