पहिली दोरी

"इंजिनावरचं गोणपाट काढण्याआधी ठरवून घेऊ," पेरिनाकाकू म्हणाल्या. "चाललं तर तुझं. पण खोट काय होती, ते धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगायचं."

दिंकोने मान हलवली. त्याच्या होडीचं इंजिन महिन्यापूर्वी कायमचं गप्प झालं होतं आणि तारलीचा हंगाम तोंडावर आला होता. नवं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती.

अकरा वर्षं होडीच्या मागे टांगायचं हे इंजिन काकूंच्या तळघरात, द्राक्षं तुडवायच्या पिंपाशेजारी उभं होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात विकोकाका, काकूंचा नवरा, एकटेच समुद्रावर गेले. होडी सापडली, काका नाहीत. आदल्याच दिवशी त्यांच्या मुलाने, रोकोने, या इंजिनाचा कार्बोरेटर साफ केला होता. गावाने तिथल्या तिथे निकाल लावला: पोराने स्क्रू ढिला ठेवला, इंजिन भर समुद्रात बंद पडलं, वाऱ्याने बाप नेला.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं ते दिंकोनेच. रोकोचा जिवाभावाचा मित्र तो. दुःखाच्या भरात तोंडातून वाक्य सुटलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. रोको न्यूझीलंडला निघून गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

इंजिन कुणी उघडून पाहिलं नाही. बेटावर तशी रीत नव्हती. समुद्राने नेलेल्या माणसाचं इंजिन पुन्हा सुरू करायची पहिली दोरी घरच्यानेच ओढायची. तोवर परक्याने हात लावायचा नाही.

"मग आज तुम्ही ओढा, काकू. एकदाच. नुसती."

"नको. तू कर तुझं काम."

दिंकोने आग्रह केला नाही. काकू या हिवाळ्यात फार खंगल्या होत्या. येत्या द्राक्षतोडणीपर्यंत त्या राहतील, असं डॉक्टरही म्हणत नव्हते. मरण्याआधी रोकोला एकदा पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. फोनवर तो दर वेळी एकच म्हणायचा, "कुठल्या तोंडाने येऊ, आई?"

"मधे कुणी उघडलं होतं का हे?" दिंकोने पाना घेत विचारलं.

"रोको इथे नाही. कोण उघडणार?"

काकू वर सुकी अंजिरं आणायला गेल्या. दिंकोने झाकण काढलं. आत अकरा वर्षांचा चिकट गाळ सापडणार, याची त्याला खात्री होती. कार्बोरेटर उघडला आणि तो तसाच बसून राहिला.

कार्बोरेटर कोरडा ठणठणीत होता. टाकीतून पेट्रोल सोडणारा कॉक बंद होता. प्लग काढून बोट घातलं, तर आत तेलाचा हात फिरवलेला.

हे काम त्याला पाठ होतं. दर वर्षी हिवाळा लागला की बेटावरचा प्रत्येक जण ते करायचा. कॉक बंद करायचा, राहिलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं, मग तेल सोडायचं. इंजिन बरेच दिवस लागणार नसलं की.

मे महिन्यात, समुद्राच्या मध्यावर, असं कोण करतं?

त्याला त्या वसंतातले विकोकाका आठवले. धक्क्यावर तासन्‌तास बसायचे, हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. हत्यारं मात्र रोज पुसून ठेवायचे. इंजिन बंद पडलंच नव्हतं. काकांनी ते नीट झोपवलं होतं, आणि मग पाण्यात पाऊल टाकलं होतं.

खरं सांगितलं तर रोको सुटत होता. पण टेकडीवरच्या काकांच्या रिकाम्या कबरीचं काय? पाद्रीबाबा कडक होते. आपल्या हाताने गेलेल्या माणसासाठी त्यांनी घंटा वाजवली नसती, दगडावर नाव कोरू दिलं नसतं; आता कळलं तर तेही पुसायला लावतील. काकू दर रविवारी तिथे मेणबत्ती लावत.

काकूंनी आणलेली अंजिरं त्याने खिशात टाकली आणि पुन्हा पाना उचलला.

दोन दिवस खपून त्याने कडक झालेली नळी बदलली, प्लग नवा घातला, पंख्याला वंगण दिलं. रविवारी प्रार्थनेनंतर पिंप धक्क्यावर नेऊन, इंजिनाचा पंखा बुडेल इतकं पाण्याने भरलं. पिंपाच्या आत तेलाचा जुना काळा पट्टा होता. अख्खं गाव जमलं.

"दिंको, त्यापेक्षा वल्ही घे रे!" म्हातारा ल्युबो ओरडला. "ती तरी ओढली की होडी हलते!"

दोरीच्या तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. निळा धूर पसरला आणि हसू थांबलं. दिंकोने ते चांगलं पाच मिनिटं चालू ठेवलं, मग बंद केलं.

"ऐका," तो म्हणाला. "याच्यात काही खोट नव्हती. रोकोचा एकूण एक स्क्रू घट्ट आहे. काकांनी जाळं ओढायला इंजिन थांबवलं असणार आणि पाय घसरला असणार. मी रोकोला बोल लावला, ते खोटं होतं. त्याला मी स्वतः फोन करणार आहे."

ल्युबोने टोपी काढली. बायका डोळे पुसू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "पोराला म्हणावं, घरी ये."

लोक पांगले तेव्हा काकू पिंपाच्या काठाला धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक, पण शांत. आपण थोडं खोटं बोललो, पण दोघांनाही वाचवलं, असं दिंकोला वाटलं. मन हलकं झालं.

"एकच राहिलं, काकू," तो म्हणाला. "पहिली दोरी तुम्हीच ओढायला हवी होती. रीत मोडली."

"नाही मोडली, बाळा." काकूंनी खिशातल्या रुमालाने इंजिनावरचं पाणी टिपलं. "होडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्यांना शोधायला गेलं होतं. रोकोसुद्धा. तेव्हा याच पिंपात मी ते चालवलं. मग कॉक बंद केला, तेल सोडलं, तुझे काका करायचे तसं."

त्यांनी रुमालाची घडी घातली आणि टेकडीवरच्या कबरीकडे पाहिलं.

"पहिल्याच झटक्याला सुरू झालं होतं."