खिडकीतली मुलगी

त्या मासिकाचं मुखपृष्ठ आधी रंगायचं आणि मग सबनीस चित्र समोर ठेवून कथा लिहायचे. भुताखेतांच्या गोष्टी मागे पडून वाचक अंतराळयानांवर तुटून पडू लागले, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. पेंटर तांबटांच्या प्रत्येक यानाच्या खिडकीत दोन वेण्यांची तीच मुलगी असे. शेवटी ती मेली की अंक हातोहात खपतो, हे सबनिसांना लवकरच उमगलं होतं.

आज नवा अंक बाजारात गेला आणि दुपारी तांबट प्रथमच त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, या वेळी ती घरी परत येते ना? आमची कुमुद आहे ती. चार वर्षांपूर्वी तापानं गेली.”

सबनिसांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“तिच्या आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायचो आणि शेवटचं पान मनानं रचून कुमुदला घरी आणायचो. आता बायको वर्गाला जाऊन वाचायला शिकलीय.”

“तुमचा अंक कुठाय?” सबनिसांनी घाईघाईनं विचारलं.

“सकाळी मी उघडायच्या आतच तिनं हातातून काढून घेतला.”