सुभेदाराचे हात

चर्चच्या हॉलमध्ये क्रूसाच्या नाटकाची रंगीत तालीम चालू होती. प्रभूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचं काम दरवर्षी फौजदारसाहेबांकडेच असतं, कारण मैदानाची परवानगी त्यांच्याच सहीने मिळते. साहेबांनी जड आवाजात "माझा यात काही दोष नाही" म्हटलं आणि परातीत सावकाश हात धुतले. समोरच्या जमावाने ठरल्याप्रमाणे "क्रूसावर चढवा!" असा ओरडा केला.

नाटकाचे झगे शिवणारी मावशी विंगेत बसून काठ दुमडत होती. तिचा थोरला मुलगा याच साहेबांच्या कोठडीत मेला होता.

"फादर," तिने शेजारी उभ्या असलेल्या पाद्रीबाबांना हळूच विचारलं, "शिक्षा सुभेदाराने दिली, खिळे त्याच्याच शिपायांनी ठोकले. मग तो एवढा गरीब गाय कसा?"

फादर चपापले. "मावशी, शास्त्रात तसंच आहे. त्याच्या मनात नव्हतं, लोकच हट्टाला पेटले."

"हे शास्त्र लिहिणारे राहत कुणाच्या राज्यात होते?"

"रोमनांच्याच. आणि या लिहिणाऱ्यांच्या माणसांची धरपकड चालूच होती."

मावशीने दाताने दोरा तोडला आणि झगा नीट घडी करून मांडीवर ठेवला.

"मग मी कशाला त्यांना नावं ठेवू? मीपण जबाबात तेच दिलंय. साहेबांचा काही दोष नाही, पोरगा जिन्यावरून पडला. धाकटा रोज चौकीसमोरूनच कामाला जातो, फादर."