लाइन वाढवून मिळणेबाबत

"विषय क्रमांक चार," ग्रामसेवकानं माइकमध्ये वाचलं, "लाइट रेल्वेची लाइन जालन्यापर्यंत वाढवून मिळणेबाबत."

ग्रामसभेचा माइक त्या दिवशी निम्मे शब्द गिळत होता. मागच्या सतरंजीवर बसलेल्या द्वारकाबाईपर्यंत पोचलं ते एवढंच: लाइट, लाइन, वाढवून मिळणेबाबत. तिचा जीव हरखला. हे शब्द तर तिचेच होते. नऊ वर्षांत तिनं पंचायतीत सात अर्ज दिले होते आणि दर अर्जाच्या डोक्यावर तिच्या मुलानं, हरिओमनं, हेच लिहिलं होतं: शेतवस्तीवर लाइटची लाइन वाढवून मिळणेबाबत. उशिरा का होईना, आला बाई नंबर.

खरा विषय निराळा होता. संभाजीनगरात होऊ घातलेली, खांबांवरून धावणारी छोटी रेल्वे पुढं जालन्यापर्यंत न्यावी की नाही, यावर वाटेतल्या गावांचं म्हणणं मागवलं होतं. पण हे द्वारकाबाईला कोण सांगणार? आणि तिनं तरी का विचारावं? ऐकायचं ते तिनं ऐकलं होतं.

पहिल्यांदा भारत उठला. हा शेंद्र्याच्या कंपनीत रोज जीपला लोंबकळून जाणारा. त्यानं लाइनची बाजू घेतली. लाइन आली की गाव उजळेल, म्हणाला. द्वारकाबाईनं मान डोलावली. स्टेशन आपल्याच गावात पाहिजे, म्हणाला. तेही तिला पटलं, सबस्टेशन जवळ असलं की व्होल्टेज बरं मिळतं. सुरुवातीला तीन डबे येतील, म्हणाला. आता तिची वस्ती विजेच्या डीपीच्या एका डब्यावर सुखानं चालली असती, पण सरकार तीन देत असेल तर नको कशाला म्हणा? मग भारत म्हणाला, वीस मिनिटांत जालना. इथं मात्र ती गोंधळली. लाइटीला जालन्याला जायला वीस मिनिटं लागतात? तिच्याकडची लाइट, म्हणजे गावातल्या भावजयीच्या घरची, जायची तेव्हा पापणी लवायच्या आत जायची.

तेवढ्यात साहेबराव उठले. गावातले मोठे बागाईतदार, मोसंबीचे. ते बोलायला लागले की विरोधातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघून माना हलवायची.

"खांब मपल्या वावरात रोवू देणार न्हाई," साहेबराव म्हणाले. "बिलकुल न्हाई."

हे वाक्य द्वारकाबाईला पाठ होतं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या वस्तीसाठी साहेबरावांच्या बांधावर एकच खांब लागत होता आणि साहेबराव हेच बोलले होते, अगदी ह्याच आवाजात. त्यानंतर हरिओमला तीन स्थळं आली. तिन्ही वस्तीवरचा अंधार पाहून, चहा पिऊन गेली. वैशाखात आलेल्या मुलीच्या मामानं तर उंबऱ्यातच विचारलं होतं, पोरीनं मोबाइल कुठं चार्ज करायचा?

द्वारकाबाई सभेत कधी बोलली नव्हती. आज तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, ती पदर खोचून उभी राहिली.

"लाइन न्हाई म्हणून मपल्या पोराच्या तीन सोयरिकी मोडल्या," ती म्हणाली. "एकतीसचा झाला तो. साहेबरावदादा, खांब तुमच्या बांधावर, अन् भोग मपल्या घरात. चार माणसांत हात वर करून सांगा, रोवू देता का न्हाई?"

लग्नाची पोरं घरोघर बसलेली. सोयरीक हा शब्द पडला आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. स्टेशन झालं की मुलीवाले रेल्वेनं येतील, असंच मावशी म्हणतेय, असं भारतला वाटलं. तो टाळ्या वाजवायला लागला. ती कोणत्या खांबाचं बोलतेय हे एकट्या साहेबरावांना कळलं. त्यांनी मान खाली घातली. वैशाखात तो मामा त्यांच्याच मळ्यातून वाट विचारत गेला होता. मग त्यांनी हळूच उजवा हात वर केला.

त्यांचा हात वर गेलेला पाहून विरोधातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला काही उमजेना. पण साहेबरावांनीच हात वर केला म्हटल्यावर मागं राहून कसं चालेल? एकामागून एक सगळे हात वर गेले.

"ठराव मंजूर," ग्रामसेवक म्हणाला. "सूचक द्वारकाबाई, अनुमोदक साहेबराव. दोघांनी सह्या करा."

द्वारकाबाईनं जपून, एकेक अक्षर काढत सही केली. मग तिनं ग्रामसेवकाला भीतभीत विचारलं, लाइन कधीपर्यंत येईल.

"दहा-बारा वर्षं तर धरा, मावशी."

"एका खांबाला?"

"एक कुठं? साहेबरावकाकाच्या मोसंबीतच चौदा येतील. रेल्वे काय हवेत चालंल?"

"रेल्वे?" द्वारकाबाई म्हणाली.

तिनं साहेबरावांकडे पाहिलं. ते सहीसाठी पेन हातात घेऊन उभे होते.

"भाऊसाहेब, थांबा," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "म्या रेल्वेला हो म्हणलो न्हाई. म्या या बाईच्या खांबासाठी हात वर केल्ता."

ग्रामसेवकानं कागद खालीवर पाहिला. तो विषय आज पत्रिकेवर नाही, म्हणाला.

साहेबरावांनी पेन खाली ठेवलं. रेल्वे कुठली, चौदा खांब कुणाचे, आपण सही केली ती कशावर, द्वारकाबाईला काहीच कळेना. एक गोष्ट तेवढी तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

"पत्रिकेवर नसू द्या, साहेबरावदादा," ती म्हणाली. "हात वर केल्ता ना?"